काळ्या पाषाणाच्या बाजूने

दगडाविषयी आपली भाषा फारशी उदार नाही. ज्याला काही समजत नाही त्याच्या डोक्यात दगड भरले आहेत असे आपण म्हणतो. ज्याच्या मनाला दया शिवत नाही त्याचे काळीज दगडाचे ठरते. आणि दोन वाइटांपैकी एक पत्करावयाचे झाले की ‘दगडापेक्षा वीट मऊ’ अशी आपण मनाची समजूत घालतो. वास्तविक ज्या घरांत या म्हणी रुळल्या, त्या घरांचे जोते दगडाचे, स्वयंपाकघरातील जाते, पाटा आणि उखळ दगडाचे, अंगणातील तुळशीवृंदावनही बहुधा दगडाचेच. इतकी सेवा करूनही ज्याच्या वाट्याला बहुतेक दूषणेच आली, त्या काळ्या पाषाणाची बाजू मला आज मांडावयाची आहे. ती मांडण्याची वेळ आली आहे असे मला वाटते; कारण हा पाषाण आता नुसता नावाने हिणवला जात नाही, तर डोंगरच्या डोंगर फोडून त्याची खडी होत आहे.

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात मी आगगाडीने बोरघाट चढत होतो. बरोबर सहावीत शिकणारा माझा भाचा होता. समोरच्या कड्यांवरून शुभ्र धबधबे उतरत होते. पण ते एका उडीत खाली येत नव्हते. थोडे पडावे, एखाद्या अरुंद पायरीवर टेकावे आणि पुन्हा उडी घ्यावी, असा त्यांचा क्रम होता. भाचा बराच वेळ खिडकीला नाक लावून बसला होता. मग एका टोकदार सुळक्याकडे बोट दाखवून त्याने विचारले, “मामा, सह्याद्री ज्वालामुखीपासून झाला असे आमच्या गुरुजींनी सांगितले. मग यांतला ज्वालामुखी कोणता? तो का?”

“एकही नाही,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. त्याच्या पुस्तकातील चित्रात ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा एक डोंगर होता. त्याच्या माथ्याला मोठे भोक होते, त्यातून धूर निघत होता आणि पायथ्याशी माणसे पळत होती. तसे काही तो शोधीत होता. ज्या पायऱ्यांवरून पाणी उड्या घेत होते, त्या पायऱ्याच त्या प्रचंड उद्रेकाची खूण आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोष त्याचा नव्हे. चित्रे काढणाऱ्यांनी व्हेसूव्हिअस आणि फुजीयामा यांच्यापलीकडे कधी पाहिलेच नाही, आणि आपणही लाव्ह्याने भरलेल्या देशात राहून ज्वालामुखी परदेशात असतो असे समजत आलो. माझ्या मते ही चूक लहान नाही. जे आपल्या पायाखाली आहे त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर ते नाहीसे होताना आपल्याला कळणार तरी कसे?

ज्वालामुखीचा उद्रेक होतो कसा, हे आधी थोडे पाहू. पृथ्वीच्या पोटात सर्वत्र आगीचा समुद्र उसळत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. आपण ज्यावर उभे आहोत त्या कवचाखाली प्रावरण नावाचा जाड थर आहे. तो अत्यंत तप्त आहे, तरीही बहुतांशी घनच आहे. कारण वरच्या खडकांचे ओझे इतके जबरदस्त असते की उष्णता असूनही तेथील खडकाला वितळता येत नाही. हे तप्त द्रव्य अतिशय मंद गतीने वर सरकू लागले की त्यावरचे ओझे कमी होते आणि त्याचा काही अंश वितळतो. काही ठिकाणी समुद्रतळाचा खडक खोल खाली खेचला जातो, त्याच्याबरोबर पाणी जाते, आणि त्या पाण्यामुळेही वितळणे सोपे होते. अशा वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. भोवतालच्या खडकापेक्षा तो हलका असल्यामुळे भेगा शोधीत वर चढतो.

पुढचे काम वायूंचे. शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. सोड्याची बाटली बंद असते तोवर आत बुडबुडे दिसत नाहीत. बूच निघाले की फेस उसळतो. शिलारसाचेही तसेच आहे. वर येताना दाब कमी झाला की वायू सुटू लागतात. शिलारस पातळ असला तर वायू सहज निसटतात आणि लाव्हा पाटाच्या पाण्यासारखा वाहतो. तो घट्ट, चिकट असला तर वायू आत कोंडतात आणि अखेर सारे काही फोडून बाहेर येतात. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसने पाँपेई नगर राखेखाली गाडले, किंवा १८८३ मध्ये क्राकाटोआचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला, तो या दुसऱ्या प्रकारचा कोप होता. अशा उद्रेकात फेसाळलेला लाव्हा हवेतच थिजून प्यूमिस नावाचा दगड बनतो. तो इतका सच्छिद्र असतो की पाण्यावर तरंगतो. दगड तरंगल्याच्या कथा आपण ऐकतो; हा दगड खरोखरच तरंगतो.

आपला काळा पाषाण, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो पहिल्या प्रकारच्या, म्हणजे पातळ लाव्ह्यापासून झाला. त्या लाव्ह्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. तो बाहेर येण्यासाठी उंच डोंगर आणि वर भोक, अशा थाटाची गरज नसते. जमिनीला लांबच लांब भेग पडली तरी पुरे. अशी एक भेग माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलँड देशात लाकी येथे जमीन फाटली. ही भेग सुमारे २७ किलोमीटर लांब होती आणि तिच्यावर शंभराहून अधिक तोंडे उघडली. आठ महिने लाव्हा वाहत राहिला. तेथील योन स्टेइनग्रिमसन नावाच्या एका धर्मोपदेशकाने आपल्या परगण्यात काय काय घडले याची बारकाईने नोंद ठेवली, म्हणून आज आपल्याला ते कळते. लाव्ह्यापेक्षाही वायूंनी अधिक घात केला. विषारी वायूंनी गवत नासले, ते खाऊन गुरेमेंढरे मेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात त्या देशातील सुमारे एकपंचमांश माणसे मृत्यू पावली.

लाकीच्या भेगेतून आलेला लाव्हा पंधरा घनकिलोमीटरच्या आसपास होता. आता दख्खनचा हिशोब ऐका. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जे घडले, त्यातील लाव्हा पाच लाख घनकिलोमीटरहून अधिक असावा असा अंदाज आहे. तो एका दिवसात आला नाही. एक लोट यावा, पसरावा, थिजावा. मग कधी शतके, कधी हजारो वर्षे शांतता नांदावी आणि पुन्हा दुसरा लोट यावा. असे पुनःपुन्हा होऊन पश्चिमेकडे थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात गेली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्यात येतो. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर या थरांतूनच कोरले गेले आहे. कोरणारे हात मात्र अग्नीचे नव्हते. पावसाचे आणि नद्यांचे होते. म्हणूनच भाच्याला मी ‘एकही नाही’ असे उत्तर दिले. ते सुळके ज्वालामुखी नसून लाव्ह्याच्या पठाराचे उरलेले तुकडे आहेत. थर कठीण असला तेथे कडा राहिला, मऊ असला तेथे उतार झाला. म्हणून डोंगराला पायऱ्या आल्या. युरोपातील अभ्यासकांनाही त्या पायऱ्याच प्रथम दिसल्या. या खडकांना ते ‘ट्रॅप’ म्हणतात. त्या शब्दाचे मूळ स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दात आहे.

(बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहून ‘हे तरी ज्वालामुखीचे तोंड असेल’ असे कोणास वाटेल. पूर्वी जाणत्यांनाही तसेच वाटले होते. परंतु ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने याच काळ्या खडकात पडले आहे.)

हा खडक सगळीकडे सारखाच काळा आणि सारखाच मुका आहे, असे ज्याला वाटते त्याने एखाद्या घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूपुढे थोडा वेळ उभे राहावे. लाव्ह्याच्या लोटाचा मधला भाग घट्ट आणि जड असतो. वरच्या भागात वायूंचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो छिद्राछिद्रांचा होतो. विहिरी खणणारे लोक या दोहोंना फार पूर्वीपासून ओळखतात. घट्ट तो काळा कातळ आणि छिद्रांचा, ठिसूळ तो मांजऱ्या. कातळ लागला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि भेगाळलेला मांजऱ्या लागला की पाण्याची आशा वाढते. दगडाला पाझर फुटत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. दख्खनमधील असंख्य विहिरींचे पाणी या दगडाच्या भेगांतून आणि कुजलेल्या थरांतूनच पाझरते. पुढे हाच दगड युगानुयुगे झिजून मुरूम झाला आणि मुरमाची काळी माती झाली. आपला कापूस आणि ज्वारी त्याच मातीत उभी आहेत.

दोन लोटांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. तो म्हणजे शांततेचा काळ. त्या अवधीत खालच्या थराची माती झाली, पाऊस पडला, काही ठिकाणी तळी साचली, वनस्पती उगवल्या. आणि मग वरून नवा लाव्हा आला व त्याने ती माती भाजून काढली. अशाच मधल्या थरांत, मुंबईच्या वरळी भागात, चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. दोन प्रलयांच्या मध्ये एका तळ्याकाठी बेडूक डरावत होते, याची साक्ष देणारा दगड मुका कसा म्हणावा?

आणि त्या बुडबुड्यांच्या पोकळ्या! त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून स्फटिक वाढले. कोठे गारगोटी, कोठे अकीक, कोठे पांढरी, गुलाबी, हिरवट झिओलाइटे. पुणे, नाशिक आणि जळगाव या जिल्ह्यांतील असे स्फटिक जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने मांडले आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे कॅव्हन्साइटचे निळे स्फटिक पाहण्यास तर अभ्यासक सातासमुद्रांपलीकडून येतात.

या दगडाच्या जन्माविषयी विद्वानांतही एकदा मोठे भांडण झाले होते. अठराव्या शतकात जर्मनीतील फ्रायबेर्ग येथील वेर्नर हा नामांकित अध्यापक असे शिकवीत असे की, बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून गाळासारखा साचला. त्याचा दबदबा इतका होता की पुष्कळांनी ते मानले. पण १७६३ मध्येच निकोला देमारे नावाच्या फ्रेंच माणसाला ओव्हेर्न्य प्रांतात बेसाल्टचे खांब दिसले होते. तो त्या दगडाचा माग काढीत चालत गेला आणि थेट एका विझलेल्या ज्वालामुखीपाशी पोहोचला. पुढे वाद माजला तेव्हा देमारे लांबलचक उत्तरे देत नसे. ‘जा आणि पाहा’ एवढेच तो म्हणे, असे सांगतात. वेर्नरच्या काही शिष्यांनी पुढे तेथे जाऊन पाहिले, आणि आपले मत बदलले. मला हा सारा प्रसंग फार आवडतो. त्यातला निकाल एका टेकडीने दिला. ती टेकडी तोवर फोडून नेली असती, तर शिष्यांना पाहावयास काय उरले असते?

येथेच माझे मुख्य म्हणणे येते. देमारेने पाहिले तसे खांब आपल्याकडेही आहेत. जाड लाव्हा सावकाश निवताना आकसतो, आणि तळ्यातील चिखल सुकताना जशा भेगा पडतात तशा भेगा त्यात पडून खोलवर जातात. त्यातून बहुधा सहा बाजूंचे उभे स्तंभ तयार होतात. उत्तर आयर्लंडमध्ये समुद्रकाठी असे सुमारे ४०,००० स्तंभ आहेत. तेथील लोक त्यांना राक्षसाने बांधलेला सेतू म्हणत; १९८६ मध्ये त्यांची गणना जागतिक वारशात झाली. अमेरिकेत अशाच स्तंभांच्या एका प्रचंड सुळक्याला तेथील राष्ट्राध्यक्षांनी १९०६ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरविले. आणि आपल्याकडे? मुंबईत अंधेरी येथे गिल्बर्ट टेकडी आहे. सुमारे ६१ मीटर उंचीची ही स्तंभांची भिंत, माथ्यावर देवीचे मंदिर. तिच्या भोवतीचा दगड खाणींत गेला, इमारती तिच्या अंगाला येऊन भिडल्या, आणि मग २००७ मध्ये महानगरपालिकेने तिला वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली हे चांगलेच झाले. पण आज ती टेकडी पाहावयास जाणाऱ्याला गल्ल्यांतून वाट विचारीत जावे लागते, आणि पुष्कळांना वाट सांगता येत नाही.

एखाद्या किल्ल्याचा बुरूज कोणी फोडू लागला तर आपण खवळून उठतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो बुरूज ज्या कड्यावर उभा आहे तो कडा फोडला तर आपण गप्प का? बुरूज पुन्हा बांधता येतो. कडा बांधता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, “खडीवाचून रस्ता कसा व्हावा? धरण कसे बांधावे? खाणीत राबणाऱ्यांच्या चुली कशा पेटाव्यात?” हा प्रश्न खरा आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. मी स्वतः ज्या घरात राहतो त्याच्या भिंतींत हीच खडी आहे. शिवाय खाणींनी आणि घाटरस्त्यांनीच डोंगरांची पोटे उघडून आपल्याला आतले थर दाखविले. वाघोलीचे निळे स्फटिक खाणीवाचून कोणाला दिसले असते? आपल्या पूर्वजांनीही दगड थोडा का फोडला? वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात वरून खाली कोरीत नेले, तेव्हा डोंगराचा केवढा तरी भाग त्यांनी काढून टाकला. पण त्यांनी खडक निवडला, जोखला, आणि फोडून झाल्यावर मागे कैलास ठेवला. आपण मागे खड्डा ठेवतो.

म्हणून माझी मागणी सर्व खाणी बंद करा अशी नाही. काळा पाषाण आपल्याकडे विपुल आहे. सामान्य थरांतून हवी तेवढी खडी मिळेल. मागणी एवढीच की, एखादी टेकडी फोडण्याची परवानगी देण्यापूर्वी खडक ओळखणाऱ्या कोणी तरी ती पाहावी. जेथे स्तंभ आहेत, जेथे दोन लोटांमधील लाल पट्ट्यात जीवाश्म आहेत, तेथे सुरुंग लागू नये. हे अशक्य नाही. कर्नाटकात उडुपीजवळ समुद्रातील सेंट मेरी बेटांवर असेच खडकाचे स्तंभ आहेत; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्यांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने भूवारशाच्या रक्षणासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी व महाबळेश्वर येथील दख्खनचे लाव्हाथर जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेतले गेले. तेव्हा दूरच्या लोकांना या दगडाची किंमत कळू लागली आहे. ज्यांच्या परसात तो आहे त्यांना ती कळण्यास उशीर का व्हावा?

त्या दिवशी खंडाळ्याला आमची गाडी बराच वेळ थांबली. पाऊस ओसरला होता. मी सांगितलेले सारे भाच्याला पटले होते की नाही, कोण जाणे. तो दारात उभा राहून खाली शेजारच्या रुळांकडे पाहत होता. रुळांच्या मध्ये पावसाने धुतलेली काळी खडी चमकत होती. तिच्यातील एका तुकड्यावर नखाएवढा पांढरा ठिपका होता.

“मामा,” तो म्हणाला, “ही खडी कोणत्या डोंगराची?”

मला सांगता आले नाही. फलाटावर एक वृद्ध रेल्वे कामगार हातातील पहार टेकवून उभा होता, त्याला विचारले. त्याने घाटाच्या एका बाजूला हात केला. आम्ही दोघांनी तिकडे वळून पाहिले. तेथे ढग उतरलेला होता, आणि त्याच्या मागे डोंगर आहे की नाही ते दिसत नव्हते.